कुटुंबवत्सल

दादा गेले त्या रात्री साडेअकरा वाजता मी पेपरात द्यायचा मजकूर लिहायला बसले. बँकेत ३४ वर्षं काढल्यामुळे घरातली लिहायची, भरायची, सही-शिक्क्याची कामं आपोआप माझ्याकडे येतात. त्यातलंच हेही एक. नाव, वय ९१, वृद्धापकाळाने निधन, मागे पत्नी, दोन मुली, जावई, नातवंडं. साताऱ्याचा चुलतभाऊ फोनवर होता. त्याने पाठ असल्यासारखं सांगितलं, "लिही ताई. आदर्श शिक्षक, मनमिळाऊ आणि कुटुंबवत्सल असे..."

मनमिळाऊ मी लिहिता लिहिताच खोडलं. दादांच्या वर्गात बसलेलं कोणीही ते वाचून हसलं असतं. आदर्शला तर त्यांचीच हरकत असती. पुरस्कारासाठी आपला प्रस्ताव आपणच भरून द्यायचा असतो, एवढ्या एका कारणाने त्यांनी तो उभ्या आयुष्यात भरला नाही. "मी चांगला शिकवतो असं मीच लिहून द्यायचं, आणि वर दोन जणांच्या सह्या गोळा करायच्या?" राहिला कुटुंबवत्सल. तिथे पेन अडलं. शेवटी तोही खोडला. अशा जाहिरातीत शब्दाला पैसे पडतात, तेवढेच वाचले, असं स्वतःला सांगितलं आणि मजकूर पाठवून दिला.

सकाळी आईने भिंग धरून तो चौकोन वाचला. "तो कुटुंबाचा शब्द गेला वाटतं," म्हणाली. रात्री फोन स्पीकरवर होता हे माझ्या ध्यानातच नव्हतं. "जागा नव्हती गं," मी म्हटलं. तिने पेपराची घडी घातली आणि उशीखाली सरकवली. पुढे वर्षभर त्यावर एक अक्षर बोलली नाही. आमच्या आईचं न बोलणं म्हणजे काय, हे ज्याला त्याला ठाऊक आहे.

दादा पाटणच्या खोऱ्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवायचे. १९५७ ते १९९१, एकाच शाळेत. हेडमास्तरपद एकदा चालून आलं होतं, ते घेतलं नाही. का, तर हेडमास्तराला तास कमी मिळतात. शर्टाच्या डाव्या खिशात कायम खडूचे तुकडे. बोटाच्या पेराएवढा उरलेला खडूसुद्धा ते टाकत नसत, "अजून एक प्रमेय होईल" म्हणत खिशात टाकत. आई कपडे भिजवायच्या आधी खिसा न् खिसा उलटा करून झटकायची. तरी एखादा तुकडा राहायचाच. तो पाण्यात विरघळून खिशाच्या तळाशी पांढरा लगदा बसायचा, वाळला की कडक व्हायचा, आणि मग ती मागच्या दारी बसून नखाने तो खरवडायची. कितीही धुतलं तरी त्या खिशाच्या शिवणीत पांढरी रेघ राहायचीच. दोरीवर पन्नास शर्ट वाळत घातले असते तरी आमच्या घरचा शर्ट मी लांबून ओळखला असता.

आठवीपासून मी त्यांच्याच वर्गात होते. वर्गात ते मला आडनावाने हाक मारायचे. त्याचं काही वाटायचं नाही, शिस्तच होती ती. पण एकदा रात्री जेवणं झाल्यावर मी वही घेऊन त्यांच्याजवळ गेले. समरूप त्रिकोणांचं एक उदाहरण सुटत नव्हतं. त्यांनी पाहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "उद्या तासाला विचार. सगळ्यांनाच कळेल."

हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, केवढा समदर्शी माणूस! मी समदर्शी शिक्षकाला प्रश्न विचारलाच नव्हता. मी माझ्या वडिलांना विचारलं होतं.

दुसरी गोष्ट मी पाहिलेली नाही, ऐकलेली आहे. पण इतक्या वेळा की पाहिल्यासारखीच वाटते. ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप. पहाटे साडेचार वाजायच्या आत कोयनानगर जमीनदोस्त झालं आणि आमच्या खोऱ्यात धड भिंत म्हणून फारशी उरली नाही. मी दोन वर्षांची, ताई पाच. दादांनी आम्हाला उचलून अंगणात आणलं, आईच्या अंगावर घोंगडी टाकली, "आत जाऊ नकोस" म्हणाले आणि बोर्डिंगकडे पळाले. डोंगरातल्या वाड्यांमधली चाळीसेक पोरं तिथे राहायची, दादा त्यांचे रेक्टर. पोरं सुखरूप होती. पण एकेकाला धीर द्यायचा, मोजायचं, कोणाचा पाय मुरगळलाय बघायचं, ज्यांचे बाप धावत आले त्यांच्या हवाली करायचं. परत आले ते दुपारी दोनला. तोवर पायाखालची जमीन अधूनमधून थरथरतच होती, आणि आई डिसेंबरच्या थंडीत दोन पोरी मांडीवर घेऊन पेरूच्या झाडाखाली बसली होती. ही गोष्ट गावात लोक दादांच्या कौतुकाने सांगत. आई सांगायची तेव्हा शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं, "पेरूला तेव्हा पानंसुद्धा धड नव्हती."

आणि ती वही. लांबोडकी, लाल पुठ्ठ्याची, किराणा दुकानात असते तशी. त्यात नावं, रकमा आणि तारखा. फॉर्म फी, पुस्तकं, एसटीचा पास, एकाच्या बापाचं औषध. कोणाचा आकडा खोडलेला, बहुतेकांचा नाही. १९७४ साली एका मुलाला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला आणि भरायला पैसे नव्हते, तेव्हा आईच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या. गहाण म्हणून गेल्या, पुढे मोडच झाली. त्यानंतर आईच्या हातात मी पाटल्या पाहिल्याच नाहीत. तो मुलगा नंतर इंजिनिअर झाला, दरवर्षी दिवाळीला फराळाचा डबा घेऊन यायचा आणि आईच्या पाया पडायचा. आई आशीर्वाद द्यायची. तो गेल्यावर डबा उघडून म्हणायची, "चकली बरी आहे."

वत्सल हा शब्द वत्सावरून आलेला, वत्स म्हणजे वासरू. वासराला पाहून जिला पान्हा फुटतो ती गाय वत्सल. आमच्या दादांना पान्हा फुटायचा, भरपूर फुटायचा, पण दुसऱ्यांच्या वासरांना बघून. अशी गाय गावाला फार प्रिय असते. घरच्या दाव्याला बांधलेल्या वासराला विचारा.

तर म्हणून मी तो शब्द खोडला होता.

दरवर्षी जूनमध्ये, शाळा सुरू झाली की पहिल्या तासाला दादा गणित शिकवत नसत. एक गोष्ट सांगत. १८७५ सालची. दापोलीजवळच्या मुरूडचा सतरा वर्षांचा एक मुलगा मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी साताऱ्याला निघाला. पावसाळ्याचे दिवस, समुद्राची वाट बंद. मग डोंगरातून पायी. कुंभार्ली घाट चढून, शंभराहून जास्त मैल तुडवत सोबत्यांबरोबर साताऱ्याला पोचला. तिथे परीक्षेच्या साहेबाने त्याच्याकडे नखशिखांत पाहिलं आणि म्हणाला, हा सतराचा दिसत नाही. दाखला दाखवला तरी ऐकेना. मुलगा तसाच परत. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा पास झाला. "कुंभार्ली चढून साताऱ्याला जायचं म्हणजे आपल्याच खोऱ्यातून गेले असणार ते. या खिडकीतून दिसतो ना, त्या रस्त्याने," असं म्हणून दादा हात करायचे आणि सगळा वर्ग मान वळवून रस्त्याकडे बघायचा. रस्त्यावर बहुधा एखादी बैलगाडी असायची.

तो मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे महर्षी. दादा त्यांना अण्णाच म्हणत, जसे काही शेजारच्या गल्लीत राहायचे. वयाच्या २३ व्या वर्षी, १८८१ मध्ये मॅट्रिक. २६ व्या वर्षी गणित घेऊन बी.ए. आणि १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्रोफेसर, टिळकांनी सोडलेल्या जागेवर. दादांचा सगळा ओढा या गणितावर. अण्णांनी आश्रम काढला, विद्यापीठ काढलं, ते सगळं मोठंच. पण मुळात माणूस आपल्यातला, तेवीस वर्षं फळ्यापुढे उभा राहिलेला.

शेवटची अकरा वर्षं आई-दादा माझ्याकडे, कर्वेनगरला राहिले. हे म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक. दादांना फ्लॅट आवडला नव्हता, लिफ्ट तर मुळीच नाही. पत्ता आवडला. संध्याकाळी काठी घेऊन निघायचे. एकदा त्यांना मी हिंगण्याच्या आवारात नेलं. आज तिथे मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, शाळा आहेत, वसतिगृहं आहेत, पाठीला सॅक लावलेल्या पोरींचे थवे आहेत आणि या सगळ्याच्या मधोमध अण्णांच्या आश्रमाची पहिली झोपडी जपून ठेवलेली आहे. दादा तिच्यासमोर चांगली दहा मिनिटं उभे होते. मी मनात म्हटलं, आता काहीतरी मोठं बोलणार. ते म्हणाले, "पुण्याहून चार मैल. ताशी तीन मैल धरले तर जायला एक तास वीस मिनिटं. परत तेवढीच. शिवाय चिखल."

त्यांच्या ट्रंकेत अण्णांचं आत्मवृत्त होतं, शाळेच्या पुस्तकांना घालतात तसं खाकी कव्हर घातलेलं. दिवसकार्य झाल्यावर मी ते वाचायला घेतलं. खरं सांगायचं तर भक्तीने नाही, फिर्यादीने. हा माणूस दादांचा देव होता, तर देवाच्या घरात काय चालायचं ते बघू.

अण्णांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये गेल्या. मागे नऊ वर्षांचा रघुनाथ. मुंबईत गिरगावात असताना अण्णांच्या बिऱ्हाडात नरहरपंत जोशी म्हणून मित्र होते. त्यांची बहीण गोदू. आठव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, मग वर्षानुवर्षं सासरी राबणं. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं, तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी हीच. ११ मार्च १८९३ ला अण्णांनी तिच्याशी लग्न केलं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, घरच्यांच्या बाया. मुरूडला गेल्यावर गावाने बहिष्कार घातला. आई आणि भाऊ असलेल्या स्वतःच्या घरात अण्णांना पाऊल टाकता येईना. इथवर मी अण्णांच्या बाजूने होते.

मग १८९६ मध्ये विधवा मुलींसाठीचा अनाथ बालिकाश्रम आला. आधी पुण्यात, मग प्लेगच्या धामधुमीनंतर १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी सहा एकर जागा दिली, त्यावर सुमारे ५०० रुपये खर्चून झोपडी उभी राहिली. दिवसभर फर्ग्युसनला शिकवायचं, कॉलेज सुटलं की सामानसुमान घेऊन पायी हिंगणं, रात्र तिथे, पहाटे परत. बाया मुलांना घेऊन पुण्यात. त्याआधीच अण्णांनी साठवलेले १००० रुपये आश्रमाला देऊन टाकले होते आणि ५००० रुपयांची विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे केली होती. त्या काळातले ५०००! माणूस विमा कोणासाठी उतरवतो? आपल्यामागे बायको-मुलं उघड्यावर पडू नयेत म्हणून. तो विमाच दुसऱ्यांच्या मुलींच्या नावे. बायांना हे रुचलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

इथे मी पुस्तक पालथं ठेवून उठले आणि आईच्या खोलीत जाऊन तिला हे वाचून दाखवलं. ती शेंगदाणे निवडत होती. ऐकून म्हणाली, "म्हणजे पाटल्यांचंच झालं."

मग मी लायब्ररीतून बायांचं 'माझे पुराण' आणलं, आईसाठी. तिला बारीक टाइप दिसत नाही, म्हणून रोज दुपारी चहाआधी दहा-बारा पानं मी वाचायची. एवढी वर्षं तिने पोथीशिवाय काही ऐकलेलं मला आठवत नाही. पण या पुराणाला ती वेळेआधी येऊन बसायची. बाया गप्प बसणाऱ्या नव्हत्याच. नवरा घरात काही ठेवणार नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेतलं. परत येऊन बाळंतपणं केली, घरात जेवायला माणसं ठेवली, चार मुलं वाढवली. आई मध्येच थांबवायची. "परत वाच. नागपूरला गेली तेव्हा पोरं कोणाकडे?" आणि मी वाचलं की मान हलवायची, एखाद्या बाईशी नळावर बोलणं चाललंय तशी.

एक गोष्ट मात्र तिला फार लागली. विधवांच्या शिक्षणाला लोकांनी पैसे द्यावेत म्हणून अण्णांनी विधवाविवाहाचं काम आश्रमापासून अलग ठेवलं होतं. शहाणपणाचंच होतं ते. आश्रमात मुलींना पाठवलं तर त्यांची लग्नं लावून देतील, या भीतीने कोणी मुलगी पाठवली नसती आणि वर्गणीही दिली नसती. पण याचा घरातला अर्थ काय झाला? ज्या विधवेशी लग्न केलं तीच बायको या कामात अडचणीची. तिची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमाची मोठी कार्यकर्ती झाली, पुढे वर्गणीसाठी एकटी अमेरिकेपर्यंत जाऊन आली. तिथे घरकाम करून राहिली. आणि बाया कडेकडेने. आई कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बोर्डिंगच्या गॅदरिंगला मला स्टेजवर कधी बोलावलं नाही. जेवण मात्र माझ्याच चुलीवर व्हायचं, अठ्ठेचाळीस पानं."

मला हे ऐकून अर्थातच बरं वाटलं. माझ्या फिर्यादीला साक्षीदार मिळाला होता.

पण माणूस १०४ वर्षं जगला की फिर्याद सरळ राहत नाही, हा त्यातला घोटाळा. अण्णांचं आयुष्य वाचताना सारखं वाटतं की इथे थांबेल आता. १९१४ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाले, वय ५६. लोक इथे तीर्थयात्रेला निघतात. यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, तेही मातृभाषेतून शिकवणारं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारं पुस्तक हातात पडल्याचं निमित्त. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी आपल्या आईच्या नावासाठी १५ लाख देऊ केले. तेच आजचं नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ. १९२१ मध्ये पदव्या मिळाल्या त्या पाच जणींना. पाच! आपण आज एका कॉलेजच्या एका तुकडीत साठ-सत्तर मुली बघतो. सत्तरी ओलांडल्यावर जगप्रवास, युरोप, अमेरिका, जपान, पाठोपाठ आफ्रिका, सगळा विद्यापीठाच्या वर्गणीसाठी. ७८ व्या वर्षी खेड्यांतल्या शाळांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ, आणि त्यासाठी पुण्याच्या गल्ल्यांतून दारोदार हिंडणं. ८६ व्या वर्षी समता संघ. १९५८ मध्ये शंभरी भरली, भारतरत्न मिळालं आणि पोस्टाने तिकीट काढलं. स्वतंत्र भारताच्या तिकिटावर जिवंतपणी चित्र आलेले ते पहिले भारतीय. दादांकडे ते १५ नव्या पैशांचं तिकीट होतं, आत्मवृत्ताच्या पहिल्या पानाला चिकटवलेलं. पत्राला न वापरता तिकीट विकत घेणं ही त्यांच्या हिशेबात उधळपट्टी. आयुष्यात बहुधा तेवढीच केली असेल.

लांब आयुष्याची एक बाजू कोणी सांगत नाही. बाया १९५० मध्ये गेल्या. आणि रघुनाथ, तो नऊ वर्षांचा आईवेगळा मुलगा, तो १९५३ मध्ये गेला. तेव्हा बाप ९५ वर्षांचा. रघुनाथराव म्हणजे र. धों. कर्वे, संततिनियमनाचं केंद्र १९२१ मध्येच मुंबईत चालवणारे, त्यापायी प्रोफेसरकी गमावलेले, 'समाजस्वास्थ्य' मासिक मरेपर्यंत काढणारे, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतलेले. १९३४ मध्ये त्यांचा खटला डॉ. आंबेडकरांनी चालवला. बापाने विधवेला माणूस म्हणून जगू द्या म्हटलं, तर मुलगा म्हणाला, बाईच्या शरीरावर बाईचीच सत्ता हवी. बापाला जग महर्षी म्हणालं, मुलाला शिव्या देत राहिलं. आणि बाप त्याच्या मागे आणखी नऊ वर्षं जगला. दुसरा मुलगा शंकर, डॉक्टर होऊन आफ्रिकेत. तिसरे दिनकर, रसायनाचे प्राध्यापक, फर्ग्युसनचे प्राचार्य. त्यांच्या पत्नी इरावतीबाई. भास्कर हिंगण्याच्या कामातच. आश्रमाने ज्यांचा बाप नेला त्या चारही मुलांपैकी एकही वाया गेला नाही, आणि बापाचं बोट सोडून चौघे चार वाटांनी गेले. हे अण्णांमुळे झालं की बायांमुळे, यावर आमच्याकडे दोन दुपारी वाद झाला. आईचं मत तुम्ही ओळखलं असेल.

मी मात्र तोवर जरा डळमळले होते. एक साधा हिशेब मला आधी सुचला नव्हता. हिंगण्याच्या त्या झोपडीत ज्या मुली येत होत्या, त्या कोण होत्या? आठव्या-दहाव्या वर्षी कपाळ पुसलेल्या, डोक्यावरचे केस काढलेल्या, सासर-माहेर दोन्हीकडे जड झालेल्या. म्हणजे गोदूच. अण्णा रोज संध्याकाळी चार मैल चालत ज्यांच्याकडे जात होते, त्या सगळ्या त्यांच्या बायकोच्या लहानपणीच्या होत्या. बायांना हे कळत नसेल? विमा गेला म्हणून संतापणाऱ्या त्याच बाया उतारवयात संस्थेसाठी स्वतः वर्गणी मागत हिंडल्या.

दादांचे वडील ते सहावीत असताना वारले होते. हे मला माहीत होतं, पण 'माहीत' या सदरात पडून होतं. मामांकडे राहून, घरची गुरं सांभाळून, दुसऱ्याच्या पुस्तकांवर ते शिकले. एका मास्तरांनी मॅट्रिकची फी भरली. त्या मास्तरांचं नाव लाल वहीच्या पहिल्या पानावर आहे. नावापुढे रक्कम, तारीख, आणि 'देणे' असा शब्द. पुढच्या सगळ्या पानांवर 'येणे' कुठेच नाही, नुसती नावं आणि आकडे. मी बँकेतली बाई. अशी खातेवही कुठल्याच तपासणीत टिकणार नाही. एक देणं, आणि ते फेडायला दोनशे सोळा नोंदी. मी मोजल्या.

याने माझा त्रिकोण सुटला असं नाही. तो रात्रीचा प्रश्न रात्रीच सुटायला हवा होता, हे मी आजही म्हणेन. दुसऱ्या दिवशी तासाला मी हात वर केलाच नाही. त्यांनीही विचारलं नाही. फक्त त्या दिवशी फळ्यावर समरूप त्रिकोणांचं तेच उदाहरण होतं, मीच नेलेलं, आकडेसुद्धा तेच. सोडवताना ते एकदाही माझ्याकडे बघत नव्हते, आणि इतक्या सावकाश सोडवत होते की मागच्या बाकावरची पोरं कुजबुजायला लागली. हे इतकी वर्षं मी या गोष्टीत सांगतच नव्हते. का, ते मला सांगता येणार नाही.

वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं तेव्हा मी आईला विचारलं, पुण्यस्मरणाची जाहिरात द्यायची ना? म्हणाली, द्यायची, मी येणार तुझ्याबरोबर. आता हे सगळं फोनवरून होतं, असं सांगून पाहिलं. "मला माणसाच्या हातात द्यायचंय." कर्वे पुतळ्यापासून रिक्षा केली. तिने मजकूर स्वतः लिहिला होता, औषधांच्या चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूला, मोठ्या थरथरत्या अक्षरात. दादांचं नाव. प्रथम पुण्यस्मरण. गणिताचे शिक्षक. आणि खाली एकटाच, ओळीच्या मध्यभागी, तो शब्द.

"आई, नक्की?"

"तू खोडलास तेव्हा मला काय वाटलं सांगू?" ती रिक्षाच्या बाहेर बघत म्हणाली. "वाटलं, मग मी इतकी वर्षं अठ्ठेचाळीस पानं कोणासाठी वाढली? ती पोरं कोण होती आपली?"

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. मी काही बोलले नाही.

काउंटरवरच्या मुलाने शब्द मोजले आणि रक्कम सांगितली. मी पर्स उघडेपर्यंत आईने कमरेच्या पिशवीतून फॅमिली पेन्शनच्या नोटा काढून समोर ठेवल्या होत्या. मुलगा टाइप करत होता. शेवटच्या ओळीवर थांबला.

"आजी, कुटुंबवत्सल. यातला ल लसणीतला की नळातला?"

"लसणीतला," आई म्हणाली.